मागवलं नव्हतं, मग परत कसं पाठवायचं?

प्रश्न : मी कर्वेनगरला राहते, वय ६८. मुलगा बंगळूरला, इथे आम्ही दोघंच. गेल्या काही महिन्यांत न मागवलेली पार्सलं यायला लागली आहेत. वॉचमनने एकदा माझ्या नावाचं कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल ७४९ रुपये देऊन घेतलं. आत प्लास्टिकचं खेळण्यासारखं घड्याळ निघालं. मग एकदा इअरफोन आले, त्याचे पैसे कुणी मागितलेच नाहीत. टीव्हीवरची जाहिरात बघून मी गुडघेदुखीच्या चूर्णाचा एक डबा मागवला होता, तर आता दर महिन्याला डबा येतो. शिवाय या फ्लॅटमधल्या जुन्या भाडेकरूंची पाकिटं अजून येतात. हे सगळं परत कसं करायचं? वर ‘परत’ लिहून लाल पेटीत टाकलं तर चालेल का? मैत्रीण म्हणते, मागवलं नाही तर ते आपलंच, ठेवून घे. – एक वाचक, कर्वेनगर

उत्तर :

ताई, नमस्कार.

पार्सल चार प्रकारचं आहे आणि प्रत्येकाची परतीची वाट वेगळी आहे. पण एक गोष्ट चारही ठिकाणी सारखी लागू होते. सही, ओटीपी आणि पैसे, या तिन्हींपैकी काहीही दिलं नसेल, तोवर पार्सल परत पाठवायला तुम्हाला एक रुपयाही लागत नाही. यातलं एक जरी दिलं, की तेच पार्सल परत करायला खर्च, पुरावा आणि पाठपुरावा लागतो. म्हणून आधी दारातलं बघू, मग घरात येऊन पडलेल्या वस्तूंचं.

त्याआधी मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल. ‘मागवलं नाही तर ते आपलं’ हा नियम अमेरिकेतल्या कायद्याचा आहे. तिकडे न मागवता टपालाने आलेली वस्तू भेट समजून ठेवता येते. तीच माहिती व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आपल्याकडे आली आहे. भारतात तसा कायदा नाही. आपल्या १८७२च्या करार कायद्यातल्या कलम ७० मध्ये नेमकं हेच उदाहरण दिलेलं आहे : एका व्यापाऱ्याने चुकून एखाद्याच्या घरी माल ठेवला आणि त्या माणसाने तो आपला म्हणून वापरला, तर त्याला व्यापाऱ्याला पैसे द्यावे लागतात. म्हणून इअरफोनचं खोकं बंद करून कपाटात ठेवा आणि नातवंडांच्या हाती देऊ नका. याची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. ‘इतक्या दिवसांत परत केलं नाहीत म्हणजे तुम्ही विकत घेतलं’ असं कुणी म्हणू शकत नाही. न मागितलेल्या गोष्टीबद्दल गप्प बसणं म्हणजे होकार होत नाही. वापरलं नाही, तर देणंही नाही.

आता दारातलं.

पार्सल आलं की हात पुढे करण्याआधी लेबल वाचा. पोस्टाचं असेल तर बारकोडखाली तेरा खुणांचा क्रमांक असतो : आधी इंग्रजी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी ‘आयएन’. कुरिअरचा क्रमांक वेगळ्या धाटणीचा, बहुतेक नुसते आकडे. लेबलवर पाठवणाऱ्याचं नाव, परतीचा पत्ता आणि सीओडी (कॅश ऑन डिलिव्हरी) असेल तर रक्कम छापलेली असते. वाचून झालं की मुलाला एक फोन करा. बऱ्याचदा ‘न मागवलेलं’ पार्सल हे मुलाने किंवा सुनेने न सांगता पाठवलेलं असतं, आणि ते परत गेलं की दोन्हीकडे मनस्ताप होतो.

पोस्टमनला ‘हे घ्यायचं नाही, परत पाठवा’ एवढं सांगणं पुरेसं आहे. कारण द्यावं लागत नाही. तो पार्सलवर नकाराचा शेरा आणि तारीख घालतो, हातातल्या मोबाइलवर तशीच नोंद करतो आणि ते पाठवणाऱ्याकडे परत जातं. ‘ठेवून जा, मी बघते’ असं मात्र म्हणू नका. सही झाली की पोस्टाच्या दृष्टीने वाटप पूर्ण होतं, आणि मग तेच पार्सल परत पाठवायला नव्याने तिकिटाचे पैसे भरावे लागतात. तुम्ही घरी नसलात तर पार्सल पोस्टात ७ दिवस थांबतं आणि मग परत जातं. म्हणजे काहीच केलं नाही तरी ते जाईल, पण स्पष्ट नकार दिला की पोस्टमनचा पुन्हा चढायचा जिना वाचतो आणि नोंदही स्वच्छ राहते.

इथे एक अपवाद आहे. तो नीट समजून घ्या, कारण त्यात नुकसान मोठं होतं. पाकीट कोर्टाकडून, वकिलाकडून, बँकेकडून, महापालिकेकडून किंवा प्राप्तिकर खात्याकडून आलेलं असेल तर नाकारू नका. ‘घेतलीच नाही तर नोटीस लागू होत नाही’ हा समज वाड्यांच्या घरमालक-भाडेकरू वादांपासून आजतागायत टिकून आहे आणि तो चूक आहे. योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस नाकारली, तर ती बजावली गेली असंच कोर्ट धरतं. १८९७च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम २७ आणि दिवाणी प्रक्रिया संहितेतली समन्सची तरतूद, दोन्ही त्याच बाजूने आहेत. चेक न वटल्याच्या नोटिशीत पैसे भरायला १५ दिवस मिळतात. नकार दिलात तर ते दिवस आतला मजकूर न वाचताच संपतील. नोटीस घेतली म्हणजे त्यातलं म्हणणं मान्य केलं, असंही होत नाही. घ्यायची, तारीख लिहून ठेवायची, पाकीटसुद्धा जपायचं.

टपालाची एक आठवण या निमित्ताने. १ सप्टेंबर २०२५पासून रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये सामावली आहे. त्यामुळे ‘रजिस्टर आलं नाही, साधं स्पीड पोस्ट आहे’ असं समजून पाकीट परत लावू नका.

कुरिअरवाल्याला नकार द्यायची रीत अशीच आहे, पण तिथे ओटीपीची गल्लत होते. काही कंपन्या नकार नोंदवायलाही फोनवर कोड पाठवतात. डिलिव्हरीचा कोड आणि नकाराचा कोड दिसायला सारखेच असतात, म्हणून आकडा सांगण्याआधी मेसेजचं पूर्ण वाक्य वाचा. त्यात ‘डिलिव्हरी’ लिहिलं असेल तर तो आकडा सांगू नका, सांगितलात तर पार्सल तुम्ही घेतलं अशी नोंद होईल. कुरिअरवाला घाईत असतो, ‘आजी, फक्त नंबर सांगा’ म्हणतो. चष्मा शोधायला दोन मिनिटं लागली तर लागू द्या. तो गेल्यावर लेबलवरच्या क्रमांकाने संध्याकाळी स्थिती बघा किंवा मुलाला बघायला सांगा. ‘परत पाठवलं’ किंवा ‘ग्राहकाने नाकारलं’ दिसलं पाहिजे. ‘डिलिव्हर्ड’ दिसलं तर त्याच दिवशी कुरिअरच्या ग्राहक सेवेला कळवा. पार्सल तुमच्याकडे नाही आणि नोंदीत मात्र तुम्ही ते घेतलं आहे, ही सगळ्यात अडचणीची अवस्था.

नकारामुळे कुरिअरवाल्या मुलाचं नुकसान होईल, असं वाटून पुष्कळ ज्येष्ठ मंडळी पार्सल घेऊन टाकतात. परतीचं भाडं कुरिअर कंपन्या सहसा पाठवणाऱ्याकडूनच वसूल करतात. म्हणजे न मागवता माल पाठवणाऱ्याला जाण्याचं आणि येण्याचं असं दुहेरी भाडं पडतं. त्याची सवय मोडायला दारातला नकार हा सगळ्यात परिणामकारक उपाय आहे.

वॉचमनच्या बाबतीत चूक त्याची नाही, त्याला सांगितलेलं नसतं. सोसायटीच्या ऑफिसमधून लेखी सूचना गेटवर लावून घ्या : कुठल्याही फ्लॅटचं सीओडी पार्सल त्या घरातल्या माणसाशी बोलल्याशिवाय घ्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, कुणाचा ओटीपी सांगायचा नाही. बोलायचं ते इंटरकॉमवर किंवा स्वतःकडच्या यादीतल्या नंबरवर. डिलिव्हरीवाला ‘मॅडमशी बोला’ म्हणून स्वतःचा फोन पुढे करतो, पलीकडे कुणीही असू शकतं. गेटचं अ‍ॅप असेल तर त्यात ‘पार्सल गेटवर ठेवा’ हा पर्याय बंद ठेवा, निदान तुमच्या फ्लॅटपुरता. गेटवर घेतलेलं पार्सल घेतलेलंच धरलं जातं.

गेलेले ७४९ रुपये

सीओडीचे पैसे कुरिअर कंपनी विक्रेत्याला त्याच दिवशी देत नाही, काही दिवसांनी हिशोब करून देते. त्या मधल्या दिवसांत तक्रार पोचली तर रक्कम अडकवता येते, म्हणून अशा वेळी पहिला फोन कुरिअर कंपनीला करायचा, विक्रेत्याला नाही. क्रमांक सांगून ‘ही ऑर्डर माझी नाही, रक्कम थांबवा, परतीसाठी माणूस पाठवा’ असं म्हणायचं आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. फोननंतर हेच ईमेलनेही पाठवायचं. तुमच्या पार्सलला दिवस उलटले असतील, तरी तक्रार करा. त्याच विक्रेत्याविरुद्ध इतरांच्याही तक्रारी असतील तर तुमची त्यात भर पडते.

वॉचमनने पैसे रोख दिले की क्यूआर कोड स्कॅन करून, ते विचारा. यूपीआयने दिले असतील तर त्याच्या अ‍ॅपमध्ये व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक आणि ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव मिळेल. ते नाव कुरिअर कंपनीचं नसून एखाद्या व्यक्तीचं असेल तर ही सरळ फसवणूक आहे. मग १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. इथे तासांचा हिशोब असतो, कारण पैसे पुढच्या खात्यात गेले की थांबवणं अवघड होतं.

विक्रेता कोण, हे शोधायला खोक्यावर चिकटवलेलं बिल उपयोगी पडतं. त्यावर १५ खुणांचा जीएसटी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे राज्याचे : २७ म्हणजे महाराष्ट्र, ०७ दिल्ली, २४ गुजरात, ०८ राजस्थान. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर करदाता शोधण्याची सोय आहे. तिथे हा क्रमांक घातला की व्यवसायाचं नोंदलेलं नाव आणि ठिकाण दिसतं. बिलच नसेल, किंवा क्रमांक खोटा निघाला, तर तेही तक्रारीत लिहा. वस्तूच्या वेष्टनावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, किंमत आणि ग्राहक सेवेचा नंबर असावा लागतो. तो नसणं ही स्वतंत्र चूक आहे, तिचा फोटो काढून ठेवा.

ऑनलाइन दुकानातून आलेलं असेल तर २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निकाल द्यायचा असतो. त्याचं नाव आणि ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर असतं. तिथे दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर ८८००००१९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता सुरतचा असो की दिल्लीचा, २०१९च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्यातच तक्रार दाखल करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. ७४९ रुपयांसाठी आयोगापर्यंत जावं का, हा निर्णय तुमचा. आमच्या मते १९१५ पर्यंत नक्की जावं, कारण तेवढ्यावर पुष्कळ विक्रेते पैसे परत करतात. ग्राहक चळवळीचं हे शहर आहे. ग्राहक पंचायत १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यातच सुरू केली. तिचे कार्यकर्ते कागद कसे लावायचे, ते समजावून सांगतात.

एक धोका आवर्जून सांगते. ग्राहक सेवेचा नंबर गुगलवर शोधू नका. वर येणारे अनेक नंबर भामट्यांनी पेरलेले असतात. नंबर खोक्यावरून, बिलावरून किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधूनच घ्यायचा. पैसे परत देण्यासाठी कुणी ५ रुपये भरायला सांगितले, लिंक पाठवली, मोबाइलमध्ये एखादं अ‍ॅप घ्यायला लावलं किंवा यूपीआयचा पिन विचारला, तर फोन ठेवा. पैसे मिळवायला पिन लागत नाही. ‘पार्सलसाठी हा नंबर फिरवा’ म्हणून २१ किंवा ४०१ ने सुरू होणारा आकडा डायल करायला सांगणारे तुमचे कॉल स्वतःकडे वळवून घेत असतात, म्हणजे बँकेचा ओटीपी सांगणारा कॉलही त्यांच्याकडे जातो. चुकून फिरवला असेल तर ##००२# डायल केल्याने सगळे वळवलेले कॉल रद्द होतात. मग लगेच बँकेला कळवा.

इअरफोन

पैसे न मागता आलेल्या वस्तूमागे बहुधा एकच कारण असतं. काही विक्रेते खोट्या ऑर्डरी टाकतात, माल कुठल्यातरी खऱ्या पत्त्यावर पाठवतात आणि ‘खरेदीदाराच्या’ नावाने स्वतःच चांगले अभिप्राय लिहितात. म्हणजे तुमचं नाव, पत्ता आणि बहुधा मोबाइल नंबर त्यांच्या यादीत आहे. वस्तूपेक्षा काळजी त्याची करायची. ज्या ऑनलाइन दुकानांत तुमचं किंवा मुलाचं खातं आहे, तिथे ही ऑर्डर दिसते का बघा, पासवर्ड बदला. खोक्यात ‘बक्षीस मिळवायला स्कॅन करा’ असा कागद असेल तर स्कॅन करू नका. स्क्रॅच कार्ड खरवडून गाडी लागली असं निघालं, तर ती गाडी कधीच येत नाही. आधी ‘कर’ म्हणून पैसे मागतात. ते कार्ड फाडू नका, तक्रारीला लागतं.

हे इअरफोन स्वखर्चाने पाठवत बसू नका. आधी पाठवणाऱ्याला कळवा, तो काय म्हणतो बघा. मजकूर असा असू द्या :

‘दि. … रोजी … क्रमांकाचं पार्सल मी मागणी केलेली नसताना माझ्या पत्त्यावर आलं. मी ते स्वीकारलेलं नाही व वापरलेलं नाही. १५ दिवसांत आपल्या खर्चाने घेऊन जावं. मी कोणतीही रक्कम देणं लागत नाही.’

पाठवणारा परप्रांतातला असेल तर हेच हिंदीत किंवा इंग्रजीत मुलाकडून लिहून घ्या. खोक्याचे सहा बाजूंनी फोटो, लेबलचा जवळून एक, आतल्या वस्तूचा एक, असे फोटो जोडा. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे असली की ती आपल्या वस्तूइतकीच सांभाळावी, असं करार कायदा सांगतो. ओल लागणार नाही अशा जागी ठेवलं, की झालं. पंधरा दिवसांनी लगेच फेकू नका, दोनेक महिने राहू द्या. एका कपाटाच्या कोपऱ्याने भांडण टळतं.

पाठवणारा ‘न्यायला माणूस पाठवतो’ म्हणाला, तर पार्सल हातातून सोडण्याआधी तीन गोष्टी. माणसाने तुमच्यासमोर बारकोड स्कॅन केला पाहिजे, तुमच्या फोनवर पार्सल उचलल्याचा मेसेज आला पाहिजे, आणि टेप लावण्याआधी आतल्या वस्तूचा फोटो काढलेला हवा. ‘स्कॅनर बंद आहे, नंतर करतो’ म्हटलं तर द्यायचं नाही. परतीच्या पार्सलांची बहुतेक भांडणं याच ठिकाणी सुरू होतात : वस्तू गेली, पण नोंद नाही.

तुम्हालाच पाठवायचं ठरलं आणि पैसे देण्याचं विक्रेत्याने लेखी कबूल केलं, तर पॅकिंग असं करा. जुनं खोकं चालेल, पण त्यावरचे जुने बारकोड काळ्या मार्करने पूर्ण खोडा; नाहीतर वाटेत कुठेतरी जुनाच क्रमांक स्कॅन होतो आणि पार्सल भलतीकडे जातं. वस्तूभोवती सगळ्या बाजूंनी दोन बोटं कागदाचा थर भरा. दोन्ही पत्त्यांची चिठ्ठी आतही ठेवा, वरचं लेबल फाटलं तर तीच कामी येते. खोकं गरजेपेक्षा मोठं घेऊ नका. हलक्या पण मोठ्या पार्सलला आकारमानावरून वजन धरतात : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा ५०००ने भागतात. ४० बाय ३० बाय ३० चं खोकं आत कापूस असला तरी ७.२ किलोच्या दराने जातं. वायरलेस इअरफोनच्या डबीत लिथियमची बॅटरी असते. काउंटरवर विचारलं तर खरं सांगा. लपवलेली बॅटरी विमानाच्या तपासणीत सापडते आणि पार्सल अडकून पडतं. पोस्टाने घेतलं नाही तर रस्त्याने माल नेणाऱ्या कुरिअरकडे विचारा. कर्वेनगर किंवा कोथरूडच्या पोस्टात काम होईल. लक्ष्मी रोडचं सिटी पोस्ट किंवा स्टेशनजवळचं जीपीओही आहे. पावती पैसे परत मिळेपर्यंत जपा.

पिनकोड मात्र बिनचूक घाला. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली, ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिले तीन आकडे टपाल कुठल्या विभागात छाटायचं ते ठरवतात, शेवटचे तीन नेमकं पोस्ट. शेवटचा आकडा चुकला तर पार्सल शेजारच्या पोस्टात जाईल, पहिल्या तिनांतला चुकला तर दुसऱ्याच गावी.

लाल पेटीचं उत्तर इथेच देते. कुरिअरने आलेलं पार्सल लाल पेटीत टाकून काहीच होत नाही, त्यावर टपालाचं भाडं भरलेलं नसतं आणि कुरिअर कंपनी आणि पोस्ट ही दोन वेगळी घरं आहेत. पोस्टानेच आलेलं, सही न घेता तुमच्या पेटीत टाकलेलं आणि न उघडलेलं पाकीट असेल, तर ते दुसऱ्याच दिवशी पोस्टमनच्या हाती किंवा काउंटरवर द्या. फोडलेलं असेल तर पोस्ट ते परतीचं धरत नाही.

परदेशातून न मागवलेली बियाण्यांची पाकिटं कधी आली, तर पेरू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. २०२० मध्ये अशी पाकिटं अनेक देशांत गेली होती आणि आपल्या कृषी मंत्रालयानेही सावध केलं होतं. पाकीट न फोडता पुण्यातल्याच कृषी खात्याच्या कार्यालयात द्या.

चूर्णाचे डबे

इथे एक ऑर्डर तुम्ही खरोखर दिली होती, म्हणून विक्रेता ‘तुम्हीच सांगितलं होतं’ म्हणेल. ते तोडायला दर महिन्याला दारात नकार आणि एकदाच लेखी मनाई, दोन्ही हवं. ‘दि. … ची एक ऑर्डर सोडून मी कोणतीही मागणी केलेली नाही, यापुढे पाठवू नये’ असं कंपनीच्या ईमेलवर किंवा पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा.

डबा निघण्याआधी तुम्हाला एखादा फोन येतो का, आठवून बघा. ‘तब्येत कशी आहे आजी, गुडघे बरे आहेत ना?’ असं विचारतात आणि आपण सौजन्याने ‘हो, हो’ म्हणतो. कधी यंत्राचा आवाज ‘१ दाबा’ म्हणतो. ते हो आणि तो १ ऑर्डर पक्की झाल्याची नोंद म्हणून वापरतात. अशा फोनवर एकच वाक्य बोला : ‘मला काही नको, नंबर काढून टाका.’ मग १९०९ वर फोन करून जाहिरातींचे कॉल बंद करायची नोंदणी करा. ‘डबा घेतला नाही तर केस करू’ ही धमकी येईल. मागणीच नाही, तर केस कशाची? धमकीची तारीख आणि नंबर लिहून ठेवा आणि १९१५ला सांगा.

हे डबे पोस्टाच्या व्हीपीने, म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन सोडवून घ्यायच्या पार्सलने, येत असतील तर पोस्टमास्तरांना अर्ज द्या. खऱ्या मागणीवरूनच पाठवतो आहे, असं पाठवणाऱ्याने लिहून देणं ही व्हीपीची मूळ अट आहे. आणि पहिल्या डब्याचे पैसे तुम्ही किंवा मुलाने यूपीआयने अथवा कार्डाने दिले असतील, तर अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ (पैसे आपोआप कापले जाण्याची सोय) उघडून त्या नावाची मंजुरी शिल्लक आहे का बघा, असेल तर तिथेच रद्द करा. असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेचा मेसेज येतो, तो जाहिरात समजून पुसू नका.

जुन्या भाडेकरूंची पाकिटं

इथे ‘घ्यायचं नाही’ म्हणू नका. नकार फक्त ज्याच्या नावाचं पाकीट आहे त्याने द्यायचा असतो. तुमचा नकार त्यांचा नकार म्हणून नोंदला गेला आणि ती कोर्टाची नोटीस असली, तर वर सांगितलेला सगळा प्रकार त्यांच्यावर ओढवतो. ‘ते इथे राहत नाहीत, सोडून गेले’ असं सांगा. पोस्टमनचा शेरा वेगळा पडतो आणि पाकीट परत जातं. त्यांच्या वतीने सही कधीच करू नका. बँकेचं कार्ड किंवा चेकबुक असेल तर तुमची सही म्हणजे ते त्यांना मिळाल्याचा पुरावा होतो.

पेटीत टाकून गेलेलं असेल तर फोडू नका. कोपऱ्यात, बारकोड आणि परतीचा पत्ता झाकणार नाही असं, ‘सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही’ लिहून तारीख घाला आणि पोस्टमनला द्या. दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा आहे. तुमच्याकडून तसं होणार नाही, पण घरकामाला येणाऱ्या बायका किंवा वॉचमन ‘पडून आहे’ म्हणून फोडतात, त्यांना सांगून ठेवा.

परत लावूनही पाकिटं थांबली नाहीत, तर घरमालक किंवा एजंटाकडून त्या कुटुंबाचा नंबर घ्या. भाडेकराराच्या वेळी घेतलेला असतोच. त्यांना बँक, विमा आणि आधारवरचा पत्ता बदलायला सांगा, आणि ऑनलाइन दुकानांच्या अ‍ॅपमध्ये जतन केलेला तुमच्या फ्लॅटचा पत्ता काढून टाकायला सांगा. हा शेवटचा पत्ता सगळे विसरतात, आणि पार्सलं त्याच्यावरूनच येत राहतात.